उजेडाने जागं होणारं औषध : काय करावे, काय टाळावे

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या ज्या घरात डोळ्याच्या पडद्याचा किंवा केराटोकोनसचा रुग्ण आहे, त्या घरासाठी ही यादी. आधी औषध द्यायचं आणि मग ठरावीक रंगाचा, ठरावीक ताकदीचा प्रकाश टाकून ते हव्या त्याच जागी कामाला लावायचं, असे डोळ्याचे दोन उपचार आज वापरात आहेत. पहिल्यात व्हर्टेपॉर्फिन नावाचं औषध शिरेतून देतात आणि पडद्यावर लाल लेझर सोडतात. ही फोटोडायनॅमिक थेरपी, डॉक्टरांच्या तोंडी नुसतं ‘पीडीटी’. दुसऱ्यात रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक थर, घट्ट करतात, ते केराटोकोनसवरचं क्रॉस-लिंकिंग. प्रकाश पडला की नॅनोकणातून औषध सुटावं, हा तिसरा प्रकार अजून प्रयोगशाळेत आहे. त्याच्याविषयी शेवटी, कारण तिथे करण्यापेक्षा टाळण्यासारखंच जास्त आहे.

कल्पना आपल्याकडे नवी नाही. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसवण्याची रीत आयुर्वेदात जुनी आहे. बावचीतलं सोरालेन उन्हातल्या अतिनील किरणांनी जागं होतं. ऊन जास्त झालं तर त्याच जागी फोड येतात, हेही वैद्यांना ठाऊक होतं. पीडीटीचं सगळं पथ्य या फोडांच्या अनुभवातच आहे. दवाखान्यात प्रकाश सेकंद मोजून दिला जातो. दवाखान्याबाहेर पडल्यावर अंगावर पडणारा प्रकाश कोणी मोजत नाही, आणि औषध मात्र अजून रक्तात असतं.

आजार ओळखताना

करा : आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून खिडकीच्या ग्रिलकडे किंवा बाथरूमच्या टाइल्सकडे बघा. चष्मा असेल तर लावून. सरळ रेघ वाकडी दिसली, मध्ये राखाडी डाग दिसला, समोरच्याचा चेहरा पुसट आणि कडा मात्र स्पष्ट दिसल्या, तर तो पडद्याचा इशारा आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून हे कळत नाही. चांगला डोळा वाईट डोळ्याचं पाप झाकतो.

टाळा : साठीनंतरची प्रत्येक धूसरता मोतीबिंदूच्या खात्यावर मांडणं. मोतीबिंदू थांबतो. पडद्याखाली फुटलेली रक्तवाहिनी थांबत नाही. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणण्यात जी नजर जाते, ती बहुतेक वेळा परत येत नाही.

करा : वय तीस ते पन्नासच्या मधलं, एका डोळ्यासमोर गोल सावली, वस्तू थोड्या लहान दिसतात, अशी तक्रार असेल तर गेल्या काही महिन्यांत घेतलेलं प्रत्येक स्टेरॉइड डॉक्टरांना सांगा. गोळीच नव्हे. नाकातला स्प्रे, दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, खाजेचं मलम, जिममध्ये कोणी ‘प्रोटीन’ म्हणून दिलेलं काहीही. सेंट्रल सिरस, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाखाली पाणी साठणं, हा आजार पुरुषांत जास्त आढळतो आणि स्टेरॉइडशी त्याचं नातं पक्कं आहे. पुष्कळदा कारण काढून टाकलं की तीनचार महिन्यांत पाणी आपोआप ओसरतं. म्हणून डॉक्टर ‘थांबून बघू’ म्हणाले तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका.

टाळा : शेजाऱ्याला लिहून दिलेल्या गोळ्या आपणही सुरू करणं. या आजारासाठी एप्लेरेनोन वर्षानुवर्षं दिली गेली. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘व्हीआयसीआय’ चाचणीत ती दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही. तुमच्या चिठ्ठीवर ती असेल तर ‘कशासाठी?’ असं विचारायला हरकत नाही.

पीडीटी ठरवताना

करा : ‘मला इंजेक्शन की पीडीटी, आणि का?’ हा प्रश्न थेट विचारा. उत्तर आजारावर अवलंबून आहे. व्हर्टेपॉर्फिनला अमेरिकेत एप्रिल २००० मध्ये मान्यता मिळाली. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ज्युलिया लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं होतं. वयानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, ओल्या झिजेत ते नजर घसरणं रोखायचं. वाढवायचं मात्र क्वचित. २००६ मध्ये डोळ्यात टोचायचं रॅनिबिझुमॅब आलं आणि पारडं फिरलं. आता त्या आजारात डोळ्यातलं इंजेक्शनच पहिलं. पीडीटीची जागा मुख्यतः दोन ठिकाणी उरली आहे. एक, महिनोन्महिने न ओसरणारं सेंट्रल सिरस. दुसरी, पॉलिपॉइडल व्हॅस्क्युलोपथी, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांना द्राक्षांसारखे फुगे येणं. हा दुसरा आजार आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा जास्त दिसतो, म्हणून पाश्चात्त्य संकेतस्थळांवर त्याच्याबद्दल फार कमी सापडेल. आशियातल्या ३२२ रुग्णांवरच्या ‘एव्हरेस्ट-२’ चाचणीत नुसत्या इंजेक्शनने वर्षाअखेर सुमारे ३५ टक्के रुग्णांचे फुगे पूर्ण बुजले, तर इंजेक्शनला पीडीटीची जोड दिल्यावर ६९ टक्के रुग्णांचे.

टाळा : ‘सुई नको, लेझरच करा’ असा हट्ट. डोळ्यात सुई म्हटलं की घरातली सगळी माणसं कासावीस होतात, ते समजण्यासारखं आहे. पण ओल्या झिजेत लेझर मागून घेणं म्हणजे वीस वर्षं मागे जाणं.

करा : तारीख घेण्याआधी औषध हातात आहे का ते विचारा. साधारण २०२१ पासून व्हर्टेपॉर्फिनचा जगभर तुटवडा झाला आणि अनेक देशांत रुग्णांना ताटकळावं लागलं. लेझरही प्रत्येक नेत्रालयात नसतो. ठाण्याच्या किंवा कल्याणच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या केंद्राला चिठ्ठी दिली, तर त्यात त्यांचं काही कमी पडलेलं नसतं.

करा : विमा कंपनीकडून होकार लेखी घ्या. डोळ्यातल्या इंजेक्शनचं नाव विमा नियामकाच्या २०१९ च्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, तरी कंपनी त्यावर वेगळी मर्यादा घालू शकते. पीडीटी आणि क्रॉस-लिंकिंगबद्दल फोनवरच्या ‘हो, कव्हर आहे’वर विसंबू नका.

करा : सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. रक्तदाबाच्या थायझाइड गोळ्या, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, सल्फा, डॉक्सिसायक्लीन, नायट्यावर दिलं जाणारं ग्रिसिओफल्विन ही औषधं मुळातच त्वचेला उन्हाबाबत हळवी करू शकतात. त्यात व्हर्टेपॉर्फिनची भर पडते. अंगावर बावचीचं तेल लावत असाल तर तेही सांगा. आयुर्वेदिक आहे म्हणून डॉक्टर रागावतील, या भीतीने लपवू नका.

टाळा : गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं. साखर चढलेला रुग्ण लेझरच्या खुर्चीत बसवण्यात कोणाचंच भलं नाही.

करा : पोर्फिरिया घराण्यात आहे का, यकृताचा मोठा आजार आहे का, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं चालू आहे का, हे न विचारताही सांगा. पोर्फिरिया असेल तर हे औषध द्यायचंच नसतं.

उपचाराच्या दिवशी

करा : वजन आणि उंची खरी सांगा. शक्यतो तिथेच मोजून घ्या. औषधाचा डोस शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात, दर चौरस मीटरला ६ मिलिग्रॅम. सेंट्रल सिरसला बहुधा त्याच्या निम्मा. पाच वर्षांपूर्वीचं वजन सांगून काढलेला डोस पाच वर्षांपूर्वीच्या माणसाचा असतो.

करा : पूर्ण बाह्यांचा, गडद आणि घट्ट विणीचा सदरा किंवा कुर्ता, पायमोजे, बंद बूट, हातमोजे, रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, काळी छत्री हे सगळं जातानाच बरोबर घ्या. दुचाकीवर फिरणाऱ्या मुली उन्हाळ्यात डोक्यापासून बोटांपर्यंत गुंडाळून घेतात, तो थाट इथे अगदी योग्य. साडी नेसणाऱ्या आजींनी पदरावर भिस्त ठेवू नये. मनगट, मान, पावलं उघडी राहतात.

करा : सुई लागलेल्या जागी आग झाली, सूज आली, हिरवट डाग दिसला, की लगेच ओरडून सांगा. औषध शिरेबाहेर गेलं असेल तर ते थांबवावं लागतं, थंड शेक द्यावा लागतो, आणि सूज व डाग पूर्ण जाईपर्यंत ती जागा उजेडापासून झाकावी लागते. कंबर दुखायला लागली तरी सांगा. या औषधाचा तो माहीत असलेला त्रास आहे.

सगळं फार लवकर आटपतं. औषध दहा मिनिटांत जातं. सुरू केल्यापासून पंधराव्या मिनिटाला ६८९ नॅनोमीटरचा लाल प्रकाश पडद्यावर सोडतात, ठरलेल्या पद्धतीत ८३ सेकंद. हा लेझर भाजत नाही. नुसता पडला तर काहीच करत नाही. औषध रोगट रक्तवाहिन्यांच्या अस्तरात जास्त साठलेलं असतं. प्रकाशाने ते जागं झालं की ऑक्सिजनचं एक तापट रूप तयार होतं, अस्तराला इजा होते आणि ती वाहिनी गुठळीने बुजते. तेव्हा त्या दीड मिनिटात नजर हलवू नका. ‘समोर बघा’ म्हटलं की समोरच बघा. शिंक, खोकला, गप्पा आधी उरकून घ्या.

टाळा : एकट्याने जाणं. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातलेले असतात, हातात कागद असतात, आणि लोकलच्या गर्दीत बाही वर सरकली तरी लक्षात येत नाही.

नंतरचे पाच दिवस

अमेरिकेतल्या औषधपत्रकात पाच दिवस आहेत. युरोपात ४८ तास पुरतात असं मानतात. अर्ध्या डोसला काही डॉक्टर आणखी कमी सांगतात. तुमच्या डॉक्टरांचा आकडा अंतिम. त्यांनी आकडा सांगितलाच नसेल तर पाच धरा. आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात कमी दिवसांवर भागवण्यात शहाणपण नाही.

करा : शक्यतो दुपारनंतरची वेळ मागा, म्हणजे परतताना सूर्य मावळलेला असेल. आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सहाला अंधारतं, जूनअखेर सव्वासातनंतर. हिवाळ्यातल्या रुग्णाला हे सहज जमतं. उन्हाळ्यातल्या रुग्णाने दादरला तासभर जास्त थांबायची तयारी ठेवावी.

टाळा : रविवारची तारीख, मुंबईहून परतायचं असेल तर. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक लागला की भर दुपारी फलाटावर तिष्ठत उभं राहावं लागतं.

टाळा : उन्हाच्या बाजूची खिडकी. फास्ट लोकलमध्ये खिडकी मिळाल्याचा आनंद या दिवशी दुसऱ्याला द्या. रिक्षाही दोन्ही बाजूंनी उघडी असते. स्टेशनपासून घर दोन मिनिटांवर असेल तरीही अंग झाकूनच बसा. स्कायवॉकवर छप्पर असलं, तरी संध्याकाळचं ऊन छपराखालून तिरकं येतं.

टाळा : ‘सनस्क्रीन लावलंय’ म्हणून निर्धास्त होणं. या यादीतली ही सगळ्यात मोठी गल्लत. नेहमीचं सनस्क्रीन अतिनील किरणं अडवतं. हे औषध दिसणाऱ्या प्रकाशाने जागं होतं आणि तो प्रकाश क्रीममधून आरपार जातो. कापडच लागतं. जुलैतलं ढगाळ आभाळही संरक्षण नाही. आकाश करडं दिसतंय, म्हणजेच उजेड येतोय.

टाळा : अंधारात बसणं. हे वाचून दचकाल, पण खोलीचे पडदे लावून, दिवे घालवून पाच दिवस पडून राहिलात तर फायदा नाही. घरातला मवाळ उजेड त्वचेतल्या औषधाला हळूहळू निकामी करतो आणि तो हवाच असतो. ट्यूबलाइट चालते, टीव्ही चालतो, मोबाइल चालतो. उन्हाची तिरीप येणाऱ्या खिडकीजवळची आरामखुर्ची चालत नाही.

टाळा : हॅलोजन. लग्नाच्या हॉलमधला व्हिडिओवाल्याचा प्रखर दिवा, मंडपातले फोकस, दुकानाच्या काचेतले स्पॉटलाइट. घरातलं लग्न त्या आठवड्यात असेल तर उपचार पुढेमागे करता येतो का ते विचारा. करता येत नसेल तर अक्षता घरूनच टाका.

टाळा : दाताच्या डॉक्टरकडे जाणं. खुर्चीवरचा तो दिवा तोंडावर अगदी जवळून पडतो. दाढ ठणकलीच तर आधी डोळ्याच्या डॉक्टरांना फोन.

टाळा : पल्स ऑक्सिमीटर बोटात घालून बसणं. करोनापासून घरोघरी तो पडून आहे, आणि बरं वाटत नसलं की आपण बोट त्यात घालतो. तेही लाल प्रकाशाचंच यंत्र आहे. क्षणभर ठीक, तासन्‌तास नको.

करा : खिशात एक चिठ्ठी ठेवा : कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती वाजता, डॉक्टरांचा फोन. अपघात झाला, ॲपेंडिक्स उठलं, तातडीची शस्त्रक्रिया लागली, तर ऑपरेशन थिएटरचे दिवे शरीराच्या आतल्या भागांवर पडणार असतात. भूलतज्ज्ञाला हे आधी कळलं पाहिजे.

टाळा : तळावपाळीवरची किंवा उपवनची सकाळची फेरी, गच्चीवरचं वाळवण, सूर्याला अर्घ्य. गुढीपाडव्याची शोभायात्रा तर नक्कीच. १९९९ पासून डोंबिवलीकर ती चुकवत नाहीत, पण ती निघते सकाळी आणि चालते उन्हात. गुढी दाराआडून बघा.

करा : पहिल्या आठवड्यात नजर एकदम घसरली तर त्याच दिवशी फोन करा. मूळ चाचण्यांत शंभरातल्या एक ते पाच रुग्णांना असं झालं. थोडी अंधुकता, थोडा चमकारा वेगळा. तक्त्यावरच्या चार ओळी एकाएकी गेल्या तर वेगळं. फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी असते, पण तोवर गप्प बसायचं असा तिचा अर्थ नाही.

क्रॉस-लिंकिंग : मुलांचा उपचार, आईबापांचं पथ्य

इथे ऊन हा शत्रू नाही. शत्रू आहे बोट.

करा : मुलाच्या चष्म्याचा तिरकस नंबर दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर चष्म्याच्या दुकानात थांबू नका. कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. मुलांमध्ये तो झपाट्याने वाढतो.

टाळा : डोळे चोळणं, आणि ‘चोळू नको’ एवढंच म्हणून सोडून देणं. मूल चोळतं कारण खाजतं. ॲलर्जीचा इलाज करा, थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं बंद पापण्यांवर ठेवा, उशीत तोंड खुपसून झोपण्याची सवय मोडा. एमआयडीसीजवळच्या घरांत संध्याकाळी खिडक्या लावून घेणं हाही इलाजच.

टाळा : मेडिकलमधून ‘मागच्या वेळचेच’ थेंब आणणं. खाज लगेच थांबते, कारण त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. आणि महिनोन्महिने घातलं की काचबिंदू होतो. ॲलर्जी असलेल्या मुलांची नजर अशी गेलेली पाहणं नेत्रतज्ज्ञांना नवं नाही.

करा : कॉर्नियाची जाडी विचारून घ्या. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये ठरलेल्या आणि २००३ मध्ये माणसांवरच्या निकालांसह प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत ती किमान ४०० मायक्रॉन लागते. अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब, मग अर्धा तास अतिनील प्रकाश. थेंबांचं काम दुहेरी. ते प्रकाश पिऊन कॉर्नियातले कोलॅजनचे धागे एकमेकांना जोडतात, आणि तोच प्रकाश आतल्या पेशींपर्यंत, भिंगापर्यंत पोचू देत नाहीत. कॉर्निया त्याहून पातळ असेल तर वेगळे थेंब, वेगळ्या युक्त्या आहेत. ‘आमच्याकडे सगळ्यांना एकच पद्धत’ असं उत्तर मिळालं तर दुसऱ्या कॉर्नियातज्ज्ञाचं मत घ्या.

टाळा : बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाऊन उन्हात उभं राहणं. रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, त्याच गोळीने लघवी पिवळी होते, हे खरं. पण गोळी आणि ऊन मिळून कॉर्निया घट्ट होतो, हे सिद्ध झालेलं नाही. असे व्हिडिओ फिरतात. पुढे पाठवू नका.

टाळा : ‘नंबर जाईल’ ही आशा. हा उपचार आजार वाढणं थांबवतो. चष्मा किंवा विशेष लेन्स नंतरही लागते. पहिले काही आठवडे तर आधीपेक्षा धूसर दिसतं. मुलाला हे आधीच सांगा, नाहीतर ते घाबरतं आणि तुम्ही डॉक्टर बदलता.

करा : पहिले दोनतीन दिवस दुखणार, हे धरून चाला. वरचा पातळ थर काढलेला असतो आणि त्यावर पट्टीसारखी लेन्स बसवलेली असते. ती निसटून पडली तर धुऊन परत घालू नका, फोन करा. नळाचं, टाकीचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. केस धुवायचे तर मान मागे टाकून, दुसऱ्याने. पोहण्याचा तलाव डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

परीक्षेचं गणित प्रत्येक घरात येतं. बारावीच्या पेपरच्या आदल्या आठवड्यात करू नका. पण नकाशात आजार वाढताना दिसत असेल तर ‘सीईटी झाली की’, ‘ॲडमिशन झाली की’ असं करत वर्षही घालवू नका. दुसरा डोळा आणि धाकटं भावंड, दोघांचीही तपासणी त्याच फेरीत उरका. आणि घरात केराटोकोनस आहे हे माहीत असताना चष्मा घालवण्याचं लेझर करायला निघालेल्या मोठ्या भावाला आधी थांबवा.

शहापूर-मुरबाडकडच्या नातेवाइकांसाठी एक. भाताचं पान किंवा काडी डोळ्यात लागून बुरशीचा व्रण होतो. ‘रोज बेंगाल’ नावाचा रंग आणि हिरवा प्रकाश वापरून अशा व्रणांवर उपचार करण्याचे प्रयोग मायामीत सुरू झाले आणि दक्षिण भारतातही झाले. पण पहिला इलाज अजूनही बुरशीविरोधी थेंब हाच आहे, आणि तोही त्याच दिवशी. स्टेरॉइडचे थेंब इथे आगीत तेल.

मिरवणुकीतला लेझर

दवाखान्यातल्या लेझरवर सेकंदाचं आणि ताकदीचं बंधन असतं. डीजेच्या ट्रकवरच्या लेझरवर कोणाचं असतं? अलीकडच्या वर्षांत गणेशोत्सवानंतर राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी पडद्यावर रक्तस्राव झालेले तरुण तपासले आहेत.

टाळा : किरणांकडे बघणं, मुलाला खांद्यावर घेऊन पुढे उभं राहणं, जत्रेतला हिरवा पॉइंटर विकत घेणं. ठाण्यातल्या टेंभी नाक्याची दहीहंडी लांबूनही दिसते.

करा : नंतर डोळ्यासमोर डाग राहिला तर दुसऱ्याच दिवशी पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅन. चोळून, गुलाबपाणी घालून तो जात नाही.

मायोपिया, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा नंबर, वाढणं थांबवण्यासाठी मुलांनी घरी लाल प्रकाशात बघायचं यंत्रही विकलं जातं. २०२३ मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’त बारा वर्षांच्या एका मुलीच्या पडद्याला अशा यंत्राने इजा झाल्याची नोंद आली. ऑनलाइन मागवू नका.

नॅनोकण : आशा ठेवा, पैसे देऊ नका

दर महिन्या-दोन महिन्यांनी डोळ्यात सुई घेणाऱ्या माणसाला ‘एकदाच औषध भरायचं आणि उजेड दाखवून हवं तेव्हा सोडायचं’ ही कल्पना किती हवीशी वाटेल, हे वेगळं सांगायला नको. डोळा त्यासाठी जागाही चांगली. शरीराच्या आत प्रकाश इतक्या सहज दुसरीकडे कुठे जात नाही. २०१९ मध्ये बोस्टनमधल्या डॅनिअल कोहेन यांच्या चमूने शिरेतून दिलेले नॅनोकण डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाने तिथेच पेशींत शिरतात आणि रोगट वाहिन्या कमी करतात, हे दाखवलं. उंदरांत. उंदराच्या डोळ्यातून माणसाच्या डोळ्यापर्यंतचा रस्ता लांब आहे. ही औषधं उघडायला सोपा असलेला अतिनील प्रकाश आपला कॉर्निया आणि भिंग वाटेतच अडवतात. निळा प्रकाश पोचतो, पण जास्त झाला तर पडद्यालाच इजा करतो.

टाळा : ‘विनासुई नॅनो-लाइट उपचार’ अशी जाहिरात बघून आगाऊ रक्कम भरणं. आज असा कोणताही उपचार रुग्णांसाठी बाजारात नाही.

टाळा : त्याची वाट बघत चालू असलेलं इंजेक्शन लांबवणं.

करा : कोणी ‘चाचणीत घेतो’ म्हणालं तर नोंदणी क्रमांक मागा. माणसांवरच्या औषधचाचण्यांची नोंद २००९ पासून भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत बंधनकारक आहे. ती आयसीएमआर चालवते आणि कोणालाही मोफत बघता येते. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, सही दुसऱ्या दिवशी करा. इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. २०१९ च्या नियमांत ते आहे. आणि भाग घेण्यासाठी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर फाइल उचला आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे या.